घरचा स्विमिंग पूल आणि आपली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गेली अठरा वर्षं मुलांना पोहायला शिकवते. एप्रिल उजाडला की पालकांचे मेसेज सुरू होतात. "ताई, मुळशीला बंगला घेतलाय, पूल आहे, काय काय बघू?" "अलिबागला सगळे जमणार आहोत, बारा मुलं आहेत." पूर्वी विचारणा सोसायटीच्या पूलबद्दल असायची. आता ती लोणावळा, कर्जत, पानशेत, अलिबागच्या बंगल्यांबद्दल असते. या पूलवर लाइफगार्ड नसतो, घरचीच माणसं असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ४, ६ आणि १५ वाचा.

१. पूल साडेचार फुटांचाच आहे, आमचे पाय टेकतात. मग एवढी काळजी कशाला?

तुमचे टेकतात, चार वर्षांच्या नातवाचे टेकत नाहीत. दीड-दोन वर्षांचं मूल तर वीतभर पाण्यातही बुडतं. त्या वयात डोकं जड असतं, हातांत जोर नसतो, त्यामुळे तोंडावर पडलं की स्वतःला उचलता येत नाही. न्हाणीघरातली भरलेली बादलीसुद्धा रांगत्या मुलासाठी धोक्याची आहे ती याचसाठी. मोठी माणसं पाय टेकणाऱ्या पाण्यात बुडतात ती घसरून डोकं आपटल्यामुळे, फिट आल्यामुळे, छातीत कळ आल्यामुळे किंवा दारू प्यायल्यामुळे. श्वास थांबला की मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. आडबाजूच्या बंगल्यावर तेवढ्यात ॲम्ब्युलन्स पोचण्याची आशा धरू नका.

२. बुडणारं माणूस हाका मारतं ना? आम्ही काठावरच बसलेले असतो.

बहुतेक वेळा मारत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, मिळेल तो श्वास ओढून घेण्यातच सगळी ताकद जाते, हाक मारायला हवा उरत नाही. हात हलवून बोलावताही येत नाही. ते आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मूल उभ्याउभ्या खेळतंय. हे वीस सेकंद ते एक मिनिट चालतं, मग मूल खाली जातं.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मावसबहिणीच्या कर्जतच्या घरी सत्यनारायण होता. जेवणं उरकली होती, पूलभोवती आम्ही आठ-नऊ मोठी माणसं खुर्च्या टाकून बसलो होतो. कोणीतरी फोनवर लग्नाचे फोटो दाखवत होतं, मीही वाकून बघत होते. मान वर केली तर साडेपाच वर्षांचा भाचा काठापासून हातभर अंतरावर होता. मान मागे टाकलेली, केस कपाळाला चिकटलेले, ओठ बरोबर पाण्याच्या रेषेत. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते. त्याच्या शेजारी दोन मुलं एकमेकांवर पाणी उडवत हसत होती. मी साडीसकट उतरले आणि त्याला उचललं. आधी खोकला, मग रडला. त्याआधी त्याच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नव्हता.

दंगा करणारं मूल पाण्यात एकाएकी गप्प झालं की विचारा, "बरा आहेस ना रे?" उत्तर आलं नाही तर थांबू नका, उचला.

३. नजर ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? आम्ही सगळेच बघत असतो.

सगळे बघत असतात तेव्हा कोणीच बघत नसतं. त्या दिवशी आम्ही नऊजण होतो. आता आमच्या घरी लाल नाडी बांधलेली एक शिट्टी आहे. जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात ती शिट्टी, त्याचं काम पाण्याकडे बघणं, एवढंच. फोन नाही, गप्पा नाहीत, भज्यांची ताटली आली तरी ती नंतर. पंधरा-वीस मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात शिट्टी द्यायची आणि तोंडाने सांगायचं, "आता तू." समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. शिट्टी घ्यायला कोणी नसेल तर सगळी मुलं बाहेर.

पाच वर्षांखालच्या आणि पोहता न येणाऱ्या मुलांसाठी काठावरून बघणं पुरत नाही. मोठ्या माणसाने पाण्यातच, हात पोचेल इतक्या अंतरावर असावं. दहा-बारा वर्षांच्या ताईला "धाकट्यावर लक्ष ठेव" असं सांगून आत जाऊ नका. ती स्वतः लहान आहे.

४. कुंपण घालायलाच हवं का? बंगल्याचा सगळा नजारा जातो.

हवंच. घरात लहान मूल असेल किंवा येत-जात असेल तर यावर मी तडजोड सुचवत नाही. नजर ठेवायची ती मुलं पोहत असतात तेव्हा. मात्र लहान मूल पाण्यात पडतं ते बरेचदा कोणी पोहत नसताना. दुपारी सगळे आडवे झालेले असतात, नाहीतर निघायच्या गडबडीत बॅगा गाडीत भरणं चाललेलं असतं. सगळ्यांना वाटतं, ते आत टीव्ही बघतंय. त्या वेळी शिट्टी कोणाच्याच गळ्यात नसते.

बंगल्याला कंपाउंड वॉल आहे, हे उत्तर होत नाही. ती भिंत बाहेरच्यांना अडवते, घरातल्या मुलाला नाही. हॉलचा सरकता दरवाजा थेट पूलकडे उघडत असेल तर घर आणि पाणी यांच्यामध्ये काहीच नाही. कुंपण पूलच्या चारही बाजूंनी हवं. उंची किमान ४ फूट. उभ्या गजांमधलं अंतर आणि खालची फट ४ इंचांपेक्षा कमी. आडवे गज नकोत, त्यांची शिडी होते. गेट पूलच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारं, सोडल्यावर आपोआप बंद होऊन कडी लागणारं. ती कडी साधारण ५ फुटांवर. कुंपणाला खेटून कुंड्या, खुर्ची, कूलर काही ठेवू नका. आणि गेटला वीट लावून ते उघडं ठेवण्याची सवय फार वाईट. मी पाहिलेल्या निम्म्या बंगल्यांत ती वीट गेटजवळच पडलेली असते.

नजाऱ्याचं म्हणाल तर टफन्ड काचेचं कुंपण मिळतं. खर्च जास्त. त्याहून स्वस्त म्हणजे खांबांना ताणून बसवायची, काढता येणारी जाळी. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने खासगी पूलला कुंपण, कव्हर, अलार्म किंवा बंदिस्त छत यांपैकी एक तरी सक्तीचं केलं. आपल्याकडे कोणी सक्ती करायची वाट बघू नका.

५. कुंपणाऐवजी कव्हर किंवा अलार्म चालेल का?

कव्हर कोणतं त्यावर आहे. पाण्यावर नुसतं तरंगणारं, बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं कव्हर असतं ते पाणी गरम राहावं म्हणून. त्यावर पाय ठेवला की मूल खाली जातं आणि कव्हर वरून मिटतं, मग वरून काही दिसतही नाही. चारी कडांना घट्ट बसणारं आणि माणसाचं वजन पेलणारं सेफ्टी कव्हर ही वेगळी वस्तू आहे. ते चांगलं, पण दर वेळी पूर्ण लावलं तरच. अलार्म वाजतो तो मूल पाण्यात पडल्यावर. कुंपणाच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नको.

६. आम्ही महिन्यातून दोनदाच बंगल्यावर जातो. बाकीचे दिवस पूल बंदच असतो, तेव्हा काय धोका?

हा प्रश्न मला दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी उलट विचारते: बंगल्यावर राखणीला कोण राहतं? बहुतेक ठिकाणी एक कुटुंब राहतं. दादा माळीकाम आणि पूलची साफसफाई बघतात, वहिनी घरकाम. त्यांना एक-दोन लहान मुलं असतात. तुमची मुलं त्या पूलजवळ महिन्यातले चार दिवस असतात, त्यांची तीसही दिवस. त्यांना बहुधा कोणी पोहायला शिकवलेलं नसतं. उलट "पाण्यात जायचं नाही, साहेबांचा पूल आहे" असं बजावलेलं असतं. चेंडू पाण्यात पडला की मूल तो चोरून काढायला जातं आणि चोरून जाताना हाक मारत नाही.

म्हणून कुंपण तुमच्या येण्याजाण्यावर अवलंबून नाही. निघताना गेटला कुलूप लावा. फ्लोटर, बॉल, रबरी बदक सगळं पाण्यातून काढून आत ठेवा. तरंगणारं खेळणं मुलाला बोलावतं. बचावाच्या वस्तू कुठे आहेत आणि प्रश्न १५ मधलं काय करायचं, हे त्या दादा-वहिनींना स्वतः दाखवा, त्यांच्याकडून एकदा करून घ्या. आणि त्यांच्या मुलांना पोहायला शिकवायचा खर्च तुम्ही करा. माझ्याकडे अशी सहा मुलं शिकून गेली आहेत. त्यांतली एक मुलगी आता बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना "आधी पाय टेकतात का बघ" म्हणून सांगते.

पूल रिकामा करून ठेवलात तरी कुलूप राहू द्या. कोरड्या पूलमध्ये पडलं तर हाड मोडतं. पावसाळ्यात तळाशी हिरवं पाणी साठतं, त्यात डासही होतात आणि मूल घसरतंही.

७. हातात घालायचे फुगे, कमरेची रिंग लावली की मूल सुरक्षित ना?

नाही. ती खेळणी आहेत. हवा निघते, हात ओले झाले की फुगे निसटतात, रिंगमधून मूल उलटं होतं आणि पाय वर राहतात. शिवाय त्या मुलाला वाटायला लागतं की आपल्याला पोहता येतं, आणि एक दिवस ते रिंग न घालता उडी मारतं. तरंगायला आधार हवाच असेल तर वजनाप्रमाणे घेतलेलं, पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट घ्या. तेव्हाही शिट्टी लागतेच.

याच संदर्भात पोहण्याच्या कपड्यांचा रंग बघा. फिका निळा, पांढरा, राखाडी पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक नारिंगी, गुलाबी, पोपटी घ्या.

८. मुलाला कोणत्या वयात शिकवावं? आमच्या वडिलांनी आम्हाला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, आम्ही शिकलोच की.

शिकलात ते विहिरीवर दोर धरून काका उभे होते म्हणून. डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायची पद्धत वाईट नव्हती, तरंगायला तो आधार होता. ढकलणं वाईट. घाबरलेलं मूल पाण्यात श्वास रोखून ताठ होतं आणि पुढची दोन वर्षं पाण्याकडे फिरकत नाही.

पहिल्या वाढदिवसानंतर आईबाबांबरोबर पाण्याची ओळख करून द्यायला हरकत नाही. साधारण चौथ्या वर्षापासून बहुतेक मुलं नीट शिकतात. मी फ्रीस्टाइलच्या आधी तीन गोष्टी शिकवते: पाठीवर तरंगणं, पाण्यात पडल्यावर वळून काठ धरणं आणि शिडीशिवाय कोपरांवर जोर देऊन बाहेर येणं. घरच्या पूलमध्ये जीव वाचतो तो यांनी. तरी पोहता येणारं मूलही बुडू शकतं, म्हणून प्रश्न ३ आणि ४ कायम लागू.

९. तीस-चाळीस पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी वेगळं काय करावं?

पाहुणे आल्या आल्या, चहाच्या आधी, पूल दाखवा. उथळ बाजू कुठली, खोल कुठली, तळ कुठे एकदम खाली जातो, हे पायांनी दाखवा. कुणाला पोहता येत नाही ते तिथेच विचारा. मोठी माणसं लाजून सांगत नाहीत, म्हणून मी "कोणाला जॅकेट देऊ?" असं विचारते. पूल उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ ठरवा. जेवणाच्या वेळी पूल बंद आणि गेटला कुलूप. त्या दिवशी पैसे देऊन लाइफगार्ड आणलात तर उत्तम, पण त्याला सरबत वाटायला, खुर्च्या उचलायला लावू नका.

साडी, सलवार-ओढणी, जीन्सवर पाण्यात उतरू देऊ नका. पदर आणि ओढणी पायांत गुंतते, शिवाय ड्रेनला, म्हणजे तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या जाळीला, ओढली जाते (प्रश्न १३).

मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पूलचा तळ बघायचा, मग खोल्या, मग गच्ची. हा क्रम सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

१०. मुलांना सूर मारू द्यावा का?

डोक्यावर सूर मारायला पाणी किमान ९ फूट खोल हवं. घरचे पूल साधारण साडेतीन ते पाच फुटांचे असतात, म्हणजे उत्तर नाही. डोकं तळावर आपटलं की मान मोडते आणि माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळतो. मुटकाही खाली कोणी नाही हे बघूनच, आणि पाय खाली ठेवून. गच्चीवरून किंवा बाल्कनीतून पूलमध्ये उडी मारणाऱ्या तरुण पाहुण्यांना यजमानानेच थांबवावं, संकोच करू नये.

आणखी एक खेळ बंद करा: "पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतं?" जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारली की चांगला पोहणाराही पाण्याखालीच बेशुद्ध होतो, त्याला आधी काही जाणवतही नाही.

११. दोन बीअर घेऊन पाण्यात उतरलं तर?

उतरू नका. तोल जातो, धोक्याचा अंदाज जातो. प्यायलेल्या माणसाच्या गळ्यात शिट्टीही द्यायची नाही. पार्टी असेल तर पूल आधी, ग्लास नंतर, आणि मध्ये गेटला कुलूप.

१२. पाणी थोडं गढूळ आहे, पण क्लोरीन टाकलंय. चालेल?

तळाचं ड्रेनचं झाकण काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणीही उतरायचं नाही. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल दिसत नाही, मुलं त्याच्यावरून पोहत राहतात. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ असावं, टेस्ट किट स्वस्त मिळतं. पोहून आल्यावर डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो बरेचदा क्लोरीनचा घाम-लघवीशी संयोग होऊन. म्हणून आधी अंघोळ.

केमिकल्सच्या बाबतीत दोन गोष्टी पाठ करा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. आणि ब्लीचिंग पावडर, टीसीसीए (पूलसाठीचं दुसरं क्लोरीनचं केमिकल), ॲसिड यांचे मग, बादल्या, झाकणं कधी एकत्र करायची नाहीत. विषारी क्लोरीन वायू सुटतो, भडकाही उडू शकतो. पूलच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला कुलूप.

१३. ड्रेनला माणूस अडकतं हे खरं का?

खरं आहे. मोटारीच्या ओढीने लांब केस, ओढणी, लहान मुलाचं पोट जाळीला चिकटतं आणि मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात अशी गेली. २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. जाळी फुगीर, केस न ओढणारी असावी, ड्रेन शक्यतो एकाऐवजी दोन आणि एकमेकांपासून किमान ३ फूट लांब. जाळी तुटली असेल तर मोटार बंद, पूलही बंद. मोटारीचं बटण कुठे आहे हे शिट्टीवाल्याला माहीत हवं. अडकलेल्याला ओढत बसण्याआधी मोटार बंद करायची.

१४. पूलच्या पाण्यात शॉक लागू शकतो?

लागू शकतो. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, अर्थिंग तपासलेलं, लाइनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच). दर पावसाळ्याआधी वायरमनकडून बघून घ्या. स्पीकरसाठी एक्स्टेन्शन बोर्ड काठापर्यंत ओढू नका. पाण्यात मुंग्या आल्यासारखं कोणालाही वाटलं तर आधी मेन स्विच, मग माणूस. वळवाचा पहिला गडगडाट ऐकू आला की सगळे घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

१५. कोणी बुडताना दिसलं तर काय करायचं? पोट दाबून पाणी काढायचं ना?

आधी बाहेर काढणं. उडी मारू नका. घाबरलेलं माणूस तुमच्या गळ्याला मिठी मारतं आणि दोघंही जातात. काठावर पालथं झोपा, साफसफाईच्या नेटची लांब काठी, टॉवेल, जुनं नऊवार, जे असेल ते द्या. नाहीतर दोरी बांधलेली बचावाची रिंग फेका. उथळ पाण्यात लहान मूल असेल तर अर्थातच उतरून उचला.

बाहेर काढल्यावर पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही. त्याने पोटातलं अन्न-पाणी छातीत जातं आणि वेळ जातो. मिठात झाकून ठेवल्याने जीव परत येतो हा मेसेज निव्वळ खोटा आहे, त्यात लेकराची शेवटची संधी जाते. श्वास नीट चालत नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास भरा. सुरुवातीला दोन ते पाच श्वास, छाती वर येते का बघत. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. वेग मिनिटाला १०० ते १२०. दाब मोठ्यांना ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मुलांना छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किंवा श्वास परत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या माणसाने १०८ किंवा ११२ लावायचा आणि तिसऱ्याने फाट्यावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे गाडी चुकणार नाही. बंगल्यावर रेंज कुठे येते ते आल्या दिवशीच बघून ठेवा. हे कागदावर वाचून येत नाही, एकदा शिबिरात जाऊन शिका.

१६. बाहेर काढलं, खोकला, आता खेळतोय. तरी डॉक्टरकडे न्यायचं?

तोंडाने श्वास द्यावा लागला असेल किंवा थोडा वेळ जरी शुद्ध गेली असेल, तर न्यायचंच, कितीही बरं दिसत असलं तरी. नुसता ठसका लागला असेल तर पुढचे काही तास लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास भरभर चालतो, उलटी होते, अवेळी झोप येते, यांपैकी काही दिसलं तर लगेच निघा. पूर्ण बरं असलेलं मूल आठवड्याने "कोरडं बुडून" जातं, अशा मेसेजवर विश्वास ठेवू नका. त्रास होणार असेल तर तो पहिल्या काही तासांत दिसतो.

१७. मुलीला फिट येते, गोळ्या चालू आहेत. तिला पाण्यात न्यायचं की नाही?

डॉक्टरांना विचारून न्या. पूर्ण बंदी घालून तिला खुर्चीत बसवू नका. गोळी चुकलेल्या किंवा जागरण झालेल्या दिवशी नको. तिच्यासाठी वेगळं एक माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर, अंगात जॅकेट. पाण्यात फिट आली तर तोंड पाण्यावर धरून ठेवायचं आणि झटके ओसरल्यावर बाहेर घ्यायचं.

१८. आम्ही बंगला भाड्याने देतो. "स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे" अशी पाटी लावली आहे. पुरते ना?

नाही. निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाटी लावली म्हणून ते टळत नाही. काठावर खोलीचे आकडे रंगवा, रिंग आणि काठी भिंतीला टांगा, रात्री दिवे आणि कुलूप, बुकिंगच्या वेळी लहान मुलं किती ते विचारा. डोंगरकड्यावरचा, कडेवरून पाणी वाहणारा इन्फिनिटी पूल असेल तर त्या कडेपलीकडे खाली किती खोल आहे ते स्वतः उभं राहून बघा. मुलं त्या कठड्यावर बसून फोटो काढतात.

१९. आमच्याकडे पूल नाही, शेततळं आहे. मुलं त्यातच पोहतात. हेच नियम का?

हेच, आणि थोडे कडक. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने गावोगावी तळी झाली. प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, त्यामुळे चांगलं पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. चारही बाजूंना खुंट्या ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडा. दोराला ट्रॅक्टरच्या टायरची जुनी ट्यूब बांधली तर धरायला आणखी बरं. भोवती तारेची जाळी आणि कुलपाचं गेट हवं. मुलांना पोहायचं असेल तर दुसरं पाणी शोधा, शेततळ्यात नको. आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दोर तळाशी पोचतोय का, ते दर महिन्याला ओढून बघा.